झाडाखालचा आडोसा

खेड्यांतील घराच्या मागें परस, परसांत एक जुनें झाड आणि त्या झाडाच्या आसऱ्यास न्हाणी, ही रचना आमच्या जिल्ह्यांत गांवोगांव आढळते. २०१४ सालीं स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून पुष्कळ घरीं पक्कीं शौचगृहें बांधलीं गेलीं. परंतु न्हाणी मात्र अनेक ठिकाणीं अद्याप चार फाटक्या पोत्यांच्या आडोशावरच चालली आहे. घरांतील बायका पहाटे अंधार असतां किंवा रात्रीं दिवे मालवल्यावर स्नान उरकून घेतात, कारण दिवसा रस्त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्यांची नजर चुकत नाहीं. आजारी सासूस किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेस हें किती जड जातें, तें पुरुषमंडळींस बहुधा सांगावें लागतें. आपण होऊन तें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

विटांची भिंत घालावयाची तर पैसा लागतो. म्हणून हिरवें कुंपण लावावें असें ठरतें, मृगाच्या पावसांत रोपें लावलीं जातात, आणि दिवाळी येईपर्यंत तीं वाळून जातात. मग शेजारीपाजारी सांगतात, "चिंचेखालीं कधीं कांहीं उगवलें आहे काय? झाड तोडा, नाहीं तर आडोशाचा नाद सोडा." आमचें म्हणणें असें कीं, दोहोंपैकीं कांहींच सोडण्याचें कारण नाहीं. मात्र आधीं हें ठरविलें पाहिजे कीं, त्या झाडाखालीं रोपें कशानें मेलीं: विषानें, तहानेनें, कीं उन्हावांचून? या तीन रोगांस तीन निराळे उपाय आहेत, आणि एकाचें औषध दुसऱ्यास दिलें तर श्रम फुकट जातात.

एक झाड दुसऱ्या झाडास विष घालतें ही गोष्ट निव्वळ कल्पना नव्हे. याचें जगांत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागांत वाढणारा काळा अक्रोड. अक्रोडाची सावली वाईट, असें पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंहि लिहून ठेविलें होतें. काळ्या अक्रोडाच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या हिरव्या सालींत 'जुग्लोन' नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या जवळ लावलेलीं टोमॅटोचीं रोपें चांगलीं वाढलेलीं असतांहि एकाएकीं माना टाकतात. हा दोष जुग्लोनचा आहे असें १९२८ सालीं प्रयोगावरून मांडण्यांत आलें. पुढें १९३७ सालीं हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानें एका वनस्पतीच्या द्रव्यांचा दुसरीवर होणाऱ्या या परिणामास 'ॲलिलोपॅथी' असें नांव दिलें. काश्मीर व हिमाचल प्रदेश यांत पिकणारा आपला अक्रोड याच कुळांतला आहे. त्याच्याहि पानांत व सालींत हें द्रव्य सांपडतें. आमच्या कोरड्या, उष्ण जिल्ह्यांत अक्रोड होत नाहीं, एवढें खरें.

परंतु या कथेचा उत्तरार्धहि ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेंतील बागवानांमध्यें अक्रोडाजवळ टिकणाऱ्या व न टिकणाऱ्या झाडांच्या लांबलचक याद्या फिरत असतात. त्यांतील पुष्कळ नांवें रीतसर प्रयोगानें नव्हे, तर कोणाच्या तरी परसांतील अनुभवावरून घातलेलीं आहेत. आणि एका यादींत 'टिकतें' म्हटलेलें झाड दुसऱ्या यादींत 'मरतें' म्हणून दिलेलें आढळतें. अलीकडे कांहीं शास्त्रज्ञ असें विचारूं लागले आहेत कीं, काचेच्या भांड्यांत दिसणारा परिणाम बागेच्या मातींत तितकाच होतो काय? कारण मातींतील सूक्ष्मजंतु जुग्लोन खाऊन टाकतात. मोठ्या झाडाखालीं ऊन कमी असतें, पाणीहि कमी असतें. तेव्हां प्रत्येक मेलेल्या रोपाचा दोष विषावर घालणें न्याय्य नाहीं. जें अमेरिकेंतील अक्रोडाविषयीं खरें, तें आमच्या चिंचेविषयीं अधिकच खरें आहे.

आतां आमच्याकडील झाडांकडे वळूं.

चिंचेची सावली दाट, आणि तिचा बारीक पाला जमिनीवर सतत पडत असतो. पाल्यास आंबटपणा आहे, आणि त्याच्या अर्कानें इतर बियांची उगवण मंदावते असें प्रयोगांतहि दिसलें आहे. पण आमच्या पाहण्यांत चिंचेखालचीं रोपें मुख्यतः उन्हावांचून व पाण्यावांचून मरतात. चिंच हें फळ देणारें, पिढ्यान् पिढ्या टिकणारें झाड आहे. तें एका न्हाणीसाठीं तोडावें असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादींत चिंचेचें नांव आहे, म्हणून परवानगीवांचून तिला कुऱ्हाड लावतांहि येत नाहीं.

निलगिरीची गोष्ट निराळी. हें झाड मूळचें ऑस्ट्रेलियांतील. १७९० च्या सुमारास टिपू सुलतानानें तें म्हैसूर राज्यांतील नंदी टेकडीवरच्या बागेंत लावलें असें मानतात. आमच्या भागांत तें १९८० नंतर सामाजिक वनीकरणाच्या काळांत बांधोबांध पसरलें. त्याच्या पानांत उग्र तेल असतें. पानें लवकर कुजत नाहींत, आणि त्यांच्या थराखालीं लहान बीं उगवूं पाहत नाहीं. तथापि निलगिरीचा खरा अपराध तहान हा आहे. तीं मुळें शेजारच्या शेतांतील ओल ओढून घेतात, बांधालगतचीं ज्वारीचीं दोन-तीन ताटें नेहमीं खुरटलेलीं दिसतात, आणि त्यावरून भावाभावांत अबोला होतो. कर्नाटक सरकारनें २०१७ सालीं निलगिरीच्या नव्या लागवडीस बंदी घातली, ती मुख्यतः भूमिगत पाण्याच्या काळजीनें.

वेडी बाभूळ हें आणखी एक परदेशी झाड. तें अमेरिका खंडांतून आलें. पडीक जमिनींत, ओढ्याकांठीं तिचें रान माजतें, आणि तिच्या पाल्याच्या थराखालीं दुसरें बीं रुजणें खरोखरच कठीण असतें. विषाची शंका घ्यावी असें आमच्याकडे एखादें झाड असेल तर तें हें. सुबाभळीच्या पाल्यांत 'मिमोसिन' नांवाचें द्रव्य असतें. घोड्यानें तो पाला फार खाल्ला तर त्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात. बायफ या संस्थेनें चाऱ्यासाठीं सुबाभळीचा पुष्कळ प्रसार केला, आणि शेळ्यांस ती प्रिय आहे. परंतु तिच्याखालीं कुंपण लावणाऱ्यास विषापेक्षां तिच्याच असंख्य रोपांचा उपद्रव अधिक होतो. कडुनिंबाविषयीं निष्कारण भय बाळगूं नये. त्याच्याखालीं गवतहि होतें आणि रोपेंहि होतात. राहिलें गाजर गवत. तें झाड नव्हे, तण आहे. १९५५ च्या सुमारास तें पुण्यास प्रथम दिसलें व तेथून सर्वत्र गेलें. त्याच्या अंगीं मात्र शेजाऱ्यास मारणारें द्रव्य निःसंशय आहे. कुंपणाच्या ओळींतून तें फुलावर येण्यापूर्वीं, हातांत पिशवी घालून, मुळासकट उपटून काढावें; उघड्या हातानें उपटल्यास कित्येकांच्या कातडीस खाज सुटते व फोड येतात.

येथें कोणी विचारील कीं, आमच्या परसांत या तिघांपैकीं कोणता शत्रु आहे हें आम्हीं कसें ओळखावें? यास शाळा-कॉलेजची गरज नाहीं. दोन रिकामे डबे घ्यावे व बुडास भोकें पाडावीं. एकांत झाडाखालची माती भरावी, दुसऱ्यांत मोकळ्या जागेंतली. प्रत्येकांत मोजून वीस मेथीचे दाणे पेरावे, आणि दोन्ही डबे एकाच ओसरीवर ठेवून सारखेंच पाणी द्यावें. आठ-दहा दिवसांनीं उगवलेलीं रोपें मोजावीं. दोन्हीकडे सारखीं असलीं तर मातींत विष नाहीं असें समजावें. झाडाखालच्या डब्यांत फारच थोडीं उगवलीं तरच पाल्याची व मातीची शंका घ्यावी, आणि एकदां पुन्हां करून पाहावें. मुलांकडून हा प्रयोग करवावा. तीं मोजण्यांत आपल्यापेक्षां प्रामाणिक असतात.

तहान ओळखण्यासाठीं चांगला पाऊस होऊन तीन आठवडे गेल्यावर कुंपणाच्या ओळींत हातभर खोल खणावें. माती भुगा झालेली व केसांसारख्या बारीक मुळ्यांनीं भरलेली आढळली, तर मोठें झाड तेथील पाणी पिऊन टाकीत आहे हें उघड झालें. आणि सावलीसाठीं भर दुपारीं त्या जागीं जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा आडवा धरावा. त्याची सावली ठसठशीत पडली तर ऊन पुरेसें. अंधुक पडली तर अर्धें. मुळींच न पडली तर तेथें ऊन मागणारें कोणतेंहि झुडूप लावूं नये.

आम्हांस असें आढळून आलें आहे कीं, दहांपैकीं आठ परसांत उत्तर 'तहान' हेंच येतें, आणि नवव्यांत 'शेळी'. शेळीचें नांव घेतल्यानें कोणी हंसूं नये. जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरांच्या आसपास, उन्हाळ्यांत रानांत हिरवें पान नाहीं. अशा वेळीं गांवांतील शेळ्या नव्या कुंपणाकडे आशेनें पाहतात. म्हणून जें झुडूप शेळी खाते, तें कितीहि उत्तम असलें तरी आमच्या कामाचें नाहीं. गिरिपुष्प व शेवरी यांची शिफारस लोक करतात. पण तीं चारी बाजूंनीं बंदिस्त मळ्यांतच राखतां येतात.

न्हाणीच्या आडोशासाठीं पुरुषभर उंची हवी, खालपासून वरपर्यंत पानें हवींत, कांटे नकोत, आणि मुलांच्या तोंडांत गेल्यास जीव जाईल असें कांहीं नको. या कसोटीस उतरणारें व झाडाच्या सावलींतहि टिकणारें पहिलें झुडूप म्हणजे अडुळसा. यास शेळ्या व गाई तोंड लावीत नाहींत. तो अर्ध्या सावलींत खुशाल वाढतो, सहा-आठ फुटांपर्यंत जातो, मोठीं पानें असल्यामुळें नजर पार जाऊं देत नाहीं, आणि एकदां मूळ धरल्यावर थोड्या पाण्यावर भागवतो. खोकल्यावर त्याचा उपयोग घरोघर ठाऊक आहेच. मात्र गर्भवती बाईनें तो औषध म्हणून घेऊं नये. चिंचेच्या दाट सावलींत आम्ही दुसऱ्या कशाचाहि विचार करण्यापूर्वीं अडुळसाच लावूं.

जेथें ऊन अर्ध्याहून अधिक आहे, म्हणजे निलगिरीच्या ओळीजवळ किंवा वेड्या बाभळीच्या कडेस, तेथें निर्गुडी बरी. तिलाहि जनावर खात नाहीं. वास उग्र असतो. ती दहा फुटांपर्यंत जाते, पण मोकळी सोडली तर खालीं उघडी पडते. म्हणून पहिल्या वर्षींच कंबरेएवढी छाटावी, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. शहरांतील बंगल्यांभोंवतीं कात्रीनें कापलेलें जें कडू कोयनेल दिसतें, तेंहि येथें चांगलें होतें व खारट पाण्यास दबत नाहीं. परंतु दाट सावलींत तें विरळ पडतें. मेंदीस पूर्ण ऊन पाहिजे. माळावरचा तरवड पिवळ्या फुलांनीं फार शोभिवंत दिसतो, पण त्याची उंची आडोशास अपुरी. तो अंगणाच्या पुढील बाजूस लावावा.

शेराचें कुंपण आमच्याकडे जुनें आहे, आणि निलगिरीच्या तहानेलाहि तें दाद देत नाहीं, हें आम्ही जाणतों. कोरड्या बांधावर तें जरूर लावावें, घायपातहि लावावी. परंतु न्हाणीजवळ शेर नको. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यास भयंकर इजा होते, आणि अंग धुण्याच्या जागीं मुलें फांद्या मोडणारच. कण्हेर व मोगली एरंड यांविषयींहि हेंच. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी. आणि मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्याप्रमाणें गोड लागतात म्हणून मुलें त्या खातात व उलट्या-जुलाबांनीं दवाखान्यांत पोंचतात. झाडाच्या मुळांतील विष शोधीत बसावें आणि कुंपणाचें विष स्वतःच्या हातानें दारीं आणून लावावें, हें शहाणपण नव्हे.

आतां तहानेचा उपाय. आडोसा जेथें हवा आहे, तेथेंच रोज पाणी सांडतें! पांच माणसांच्या घरांत न्हाणींतून दररोज पांच-सहा बादल्या पाणी वाहून जातें, आणि तें बहुधा रस्त्यावर चिखल करतें, डांस वाढवितें व शेजाऱ्याशीं भांडण लावतें. तेंच पाणी कुंपणाच्या ओळीनें नेलें तर उन्हाळ्यांतहि अडुळसा कोमेजत नाहीं. न्हाणीच्या तोंडाशीं खडी-वाळूचा एक लहान खड्डा करावा, म्हणजे साबणाचा मळ तेथें अडकेल. पुढें वीतभर खोल चारी काढावी, आणि पाणी आज या टोकास तर उद्यां त्या टोकास सोडावें. एकाच जागीं नित्य साबणाचें पाणी मुरल्यास माती चिकट व निबर होते. कपडे धुण्याच्या सोड्याचें पाणी मात्र चारींत घालूं नये. तोंडाजवळ, जेथें ओल सर्वांत जास्त, तेथें आपल्या आज्या लावीत असत तशी कर्दळ लावावी. ती छातीएवढी होते, एका पावसाळ्यांत दाट होते, आणि बाकीचें कुंपण वर येईपर्यंत निम्मा आडोसा तीच देते.

मोठ्या झाडाचीं मुळें या पाण्याच्या वासानें धांवत येतील, हें ध्यानांत ठेवावें. त्यासाठीं झाड व कुंपण यांच्यामध्यें, कुंपणाच्या बाजूस, अडीच-तीन फूट खोल व कुदळीच्या पात्याएवढा रुंद असा चर खणून आडवीं आलेलीं मुळें तोडावीं व चर पुन्हां बुजवावा. खोडापासून दहा फुटांच्या आंत असा चर घेऊं नये, आणि झाडाच्या एकाच बाजूस घ्यावा. नाहीं तर वादळांत झाड घरावर यावयाचें. दोन वर्षांनीं हें काम पुन्हां करावें लागतें. बांधावरील निलगिरीमुळें शेजाऱ्यांत तंटा असेल तर तोहि पुष्कळदां अशा चरानें मिटतो, आणि झाड लावणाऱ्यानेंच तो खणून द्यावा हें आम्हांस योग्य वाटतें. कोर्टाच्या एका तारखेस जो खर्च होतो त्यांत दोन मजूर दोन दिवस खणतात.

मातींत विषाची शंका असेल, म्हणजे मेथीच्या डब्यांनीं तसें सांगितलें असेल, तर कुंपणाच्या ओळींतील सर्व पाला खरडून दूर करावा. फूटभर रुंद व फूटभर खोल चर घ्यावा, जुनी माती काढून त्यांत मोकळ्या शेतांतील माती व कुजलेलें शेणखत समभाग घालावें. खत जितकें चांगलें कुजलेलें, तितके सूक्ष्मजंतु अधिक. नंतर पडणारा पाला आठवड्यास एकदां झाडून काढावा व दुसरीकडे खड्ड्यांत कुजवावा. बीं पेरण्यापेक्षां वाढलेलीं रोपें लावावीं, कारण अशा मातीचा त्रास उगवत्या बियास जितका होतो तितका हातभर वाढलेल्या रोपास होत नाहीं.

रोपें विकत घेण्याचें कारण नाहीं. अडुळसा, निर्गुडी व कोयनेल हीं तिन्ही फांदीपासून येतात. माघ-फाल्गुनांत पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब फांद्या कापून जुन्या दुधाच्या पिशव्यांत लावाव्या व न्हाणीजवळच सावलींत ठेवाव्या. लागवडीची घाई मृगांत करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमच्या पूर्वेकडील तालुक्यांत जून-जुलैचा पाऊस दगा देतो, आणि खरी ओल बहुधा भाद्रपदांत येते. तेव्हां रोपें पिशवींतच मोठीं होऊं द्यावीं आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लावावीं. पुढें थंडीचे चार महिने त्यांस मूळ धरण्यास मिळतात. अकोले तालुक्याच्या घाटाकडील वाचकांनीं मात्र हा नियम आपल्यास लागू समजूं नये; त्यांच्याकडे जूनमध्येंच लावावें.

ओळी दोन असाव्या, एकमेकींपासून दीड फूट, आणि रोपें एकाआड एक. एका ओळींतील फट दुसऱ्या ओळींतील रोपानें झांकली जाते. आणि कुंपण वाढेपर्यंत घरांतल्या बायकांनीं काय करावें? तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कुड बाहेरच्या बाजूस पहिल्याच दिवशीं उभा करावा. त्यानें आडोसा त्याच सायंकाळीं मिळतो, शेळ्या अडतात, आणि कोंवळ्या रोपांस उन्हाळ्याची झळ लागत नाहीं. कुडावर गुळवेल किंवा दोडका सोडला तर आणखीच उत्तम. हा कुड दोन वर्षें टिकतो. तेवढ्यांत अडुळसा खांद्याला लागलेला असतो.

पहिली छाटणी लावल्यापासून दहाव्या महिन्यांत, पाऊस पडल्यावर, गुडघ्याच्या उंचीवर करावी. हिरवें कुंपण कापावयास लोकांचें मन धजत नाहीं. पण न कापल्यास तें वर झाड आणि खालीं खिडकी असें होतें. कापलेल्या फांद्या शेळ्या खात नाहींत म्हणून जाळून टाकण्याची चाल आहे, तसें करूं नये. त्यांतील जाड फांद्या निवडून, जेथें एखादें रोप मेलें असेल त्या जागीं लगेच खोंचाव्या व वर एक फुटकें मडकें पालथें घालावें. तीन आठवड्यांनीं मडकें काढल्यावर डोळे फुटलेले दिसतील.